कॅटकॉन एवढा महाग का? (एपिसोडचं शब्दांकन)

आजचा एपिसोड गॅरेजमधून सुरू होतो.

माझ्या सेकंडहँड हॅचबॅकच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा तो पिवळा दिवा दोन महिने पेटलेला होता. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एरर आली तर बघू, वॉर्निंगकडे कोण लक्ष देतो, ही आमची जुनी खोड. शेवटी कात्रजच्या चढावर गाडीने दम टाकला, तेव्हा गॅरेज गाठलं.

"सर, कॅटकॉन गेलाय. आतली जाळी वितळलीये."

"किती होतील, दादा?"

"ओरिजिनल टाकला तर एक्केचाळीस हजार. नाहीतर दोन हजारांत जाळी काढून डबा रिकामा करून देतो, गाडी मस्त पळेल. पीयूसीचं मी बघतो. जाळी फक्त मी ठेवणार."

एक्केचाळीस हजार ऐकून पोटात गोळा आला. पण रात्री झोप उडवली ती शेवटच्या वाक्याने. वितळलेल्या, निकामी जाळीचं हा माणूस करणार काय?

उत्तर शोधता शोधता मी थेट लॉस एंजेलिसला पोहोचलो. १९४३ च्या जुलैमध्ये त्या शहरावर असा काही धूर उतरला, की डोळे चुरचुरायला लागले. युद्धाचे दिवस होते, काहींना तर जपान्यांनी विषारी वायू सोडला असंच वाटलं. खरं कारण सापडायला पुढची काही वर्षं गेली. कॅलटेकमधले आरी हागन-स्मिट हे डच रसायनशास्त्रज्ञ तोवर अननसाच्या वासावर संशोधन करत होते. गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो आणि त्यातूनच हा स्मॉग बनतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे विषारी वायू होताच, फक्त तो लोक स्वतःच सोडत होते.

आता एंट्री यूजीन हूड्री यांची. फ्रेंच इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात रणगाडा दलातले अधिकारी, मोटार रेसिंगचे वेडे. कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, वापरून जड तेलापासून चांगलं पेट्रोल काढायची पद्धत त्यांनी बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनासाठी ती फार कामाला आली. लॉस एंजेलिसच्या धुराबद्दल कळल्यावर त्यांनी तोच विचार उलट्या टोकाला लावला: इंधन बनवताना उत्प्रेरक चालतो, तर धूर साफ करताना का नाही? १९५६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. म्हणजे आपला कॅटकॉन कागदावर तेव्हाच तयार होता.

रस्त्यावर मात्र तो चालेना, कारण पेट्रोलमध्ये शिसं होतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी शोधून काढलं होतं, की टेट्राएथिल लेड मिसळलं की इंजिनाचं 'नॉकिंग' थांबतं. स्वस्त, सोपा जुगाड. त्यातल्या विषाबद्दल डॉक्टर तेव्हापासून ओरडत होते, पण पुढची पन्नास वर्षं तो चालूच राहिला. आणि हेच शिसं उत्प्रेरकावर थर चढवून त्याला ठार मारायचं. हूड्री १९६२ मध्ये गेले. आपलं यंत्र सरसकट गाड्यांना लागलेलं त्यांनी पाहिलंच नाही.

मग १९७० मध्ये अमेरिकेत क्लीन एअर ॲक्ट आला. त्यात धुराच्या मर्यादा इतक्या कडक होत्या, की १९७५ च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक गाड्यांना कॅटकॉन लावावाच लागला. तो टिकवायचा तर बिनशिशाचं पेट्रोल हवं, म्हणून १९७४ पासून मोठ्या पंपांवर ते ठेवणं सक्तीचं झालं. नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही मुद्दाम अरुंद केलं, शिसंवाल्या पेट्रोलचं जाड नोझल आतच जाऊ नये म्हणून. (याला म्हणतात इनपुट व्हॅलिडेशन!) परिणाम काय झाला? १९७६ ते १९८० या चारच वर्षांत अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिशाचं सरासरी प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास घटलं. पंपांवरची ती सक्ती मुख्यतः यंत्र वाचवायला आली होती, पण तिच्यामुळे पोरांचे मेंदूही वाचले.

आपल्याकडेही गाडी याच रस्त्याने आली. एम. सी. मेहतांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रदूषणाविरुद्ध याचिका टाकली, ते प्रकरण बरीच वर्षं चाललं. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथे नव्या पेट्रोल कारना कॅटकॉन सक्तीचा झाला आणि सोबत अनलेडेड पेट्रोल आलं. माझ्या काकाने त्यानंतर वर्षभरात मुंबईत मारुती घेतली. तो सांगतो, साताऱ्याला गावी निघताना टाकी काठोकाठ भरायची, कारण पुढे अनलेडेड मिळेल की नाही याचा भरवसा नसायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं आणि काकाची धाकधूकही.

आता परत जाळीकडे. कॅटकॉनच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचा अतिशय पातळ लेप असतो. सगळे मिळून जेमतेम काही ग्रॅम. पहिले दोन कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळून टाकतात, तर ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेतो. या शेवटच्या कामात त्याला तोड नाही, आणि बिल फुगतं ते तिथेच. जगातलं ८० टक्क्यांहून जास्त ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं. तेही दुसऱ्या धातूंच्या खाणीत जोडधंद्यासारखं निघतं, त्यामुळे भाव चढला म्हणून उत्पादन वाढवता येत नाही. पॅलॅडियमचा मोठा हिस्सा रशियातून येतो.

२०१६ मध्ये ऱ्होडियम एका औंसाला हजार डॉलरच्याही खाली होतं. देशोदेशी धुराचे नियम कडक झाले, मागणी वाढली आणि मार्च २०२१ मध्ये भाव तीस हजार डॉलरच्या जवळ जाऊन टेकला. तेव्हा सोनं सतराशेच्या आसपास होतं! अमेरिका-इंग्लंडात चोर रात्री गाडीखाली सरपटत जाऊन करवतीने कॅटकॉन कापून न्यायला लागले. हायब्रिड गाड्या त्यांच्या विशेष आवडीच्या. २०२३ मध्ये भाव पुन्हा पाच हजारांच्या खाली आला, तरीही सोन्याच्या दुपटीहून जास्तच.

आणि जाळी वितळली तरी धातू कुठे जात नाही. दादांना ते पक्कं ठाऊक होतं. दोन हजार घेऊन ते माझ्याकडून छोटीशी खाणच नेणार होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. म्हटलं, "दादा, नवाच टाका. आणि जुना मला परत द्या."

दादा हसले. "वाचून आलात वाटतं, सर! पण आधी प्लग आणि कॉइल बदलू या. तिथेच मिसफायर होतोय. कच्चं पेट्रोल जाळीवर जाऊन जळतं, नवा कॅटकॉनसुद्धा सहा महिन्यांत उडेल. दिवा लागला तेव्हाच आला असतात, तर तीन-चार हजारांत भागलं असतं."

म्हणजे कॅटकॉनचे एक्केचाळीस हजार माझ्या वॉर्निंग न वाचण्याच्या खोडीचे. एपिसोडला स्पॉन्सर हवाय, तो यासाठीच.

जुना कॅटकॉन सध्या बाल्कनीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. भंगारवाल्याने वजनावर साठ रुपये सांगितले. मी नाही म्हटल्यावर तो थेट दोन हजारांवर आला, तेव्हा आईसुद्धा बाल्कनीत येऊन बघून गेली.