मिनिटाचा हिशेब

इंग्लंडमधले डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं आणि १७०७ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. तोवर वैद्य नाडी ओळखत असे. आता ती मोजता येऊ लागली. ही पद्धत रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं, पण रुळल्यावर तिचा फायदा मोठा होता, कारण एका डॉक्टरने मोजलेले ९० ठोके दुसऱ्यालाही ९०च भरत. मात्र मिनिटाला ७२ असा आकडा एकदा कागदावर उतरला, की त्या ७२ ठोक्यांमधली अंतरं सारखी होती की कमीजास्त, हे त्यातून पुसलं जातं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत पुढे ही पुसलेली गोष्टच मोलाची निघाली. तिच्याकडे लक्ष जायला अडीचशे वर्षं लागली, आणि या उशिराचा दोष मी उपकरणांपेक्षा सरासरीवरच्या विश्वासाला अधिक देईन.

उपकरणंच नव्हती तर डॉक्टर काय करणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ साली फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ उमटवली, तेव्हा श्वास आत घेताना नाडी जलद आणि सोडताना संथ होते हे त्या रेघेत दिसलं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी आइंटहोव्हन यांचा ईसीजी आला आणि प्रत्येक ठोक्याची जागा कागदावर नेमकी दिसू लागली. तरी या निरोगी चढउताराला नाव मिळालं ते ‘सायनस अ‍ॅरिथमिया’, म्हणजे लय बिघडल्याचं! उपकरणवाल्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं: दिवसभराची नोंद हवी असेल, तर नॉर्मन होल्टर यांच्या यंत्राला पर्याय नव्हता, आणि ते सुरुवातीला पाठीवर वाहायचं सुमारे ३८ किलोंचं ओझं होतं. इथे कुणी आयुर्वेदातली शार्ङ्गधरसंहिता पुढे करील. तिच्यात नाडीची चाल जळू, साप, बेडूक, हंस यांच्या चालीवरून सांगितली आहे, पण ती दोषांची खूण आहे. तिला आजच्या मिलिसेकंदांचं पूर्वज्ञान म्हणणं ओढूनताणून होईल. नाडी ‘किती’ याआधी ‘कशी’ हे विचारायची सवय तिथे होती, एवढंच खरं.

वळण आलं ते प्रसूतिशास्त्रातून. गर्भ गुदमरू लागला की ठोक्यांचा वेग बदलण्याआधीच त्यांच्यामधल्या अंतरांची चढउतार बदलते, हे हॉन आणि ली यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. १९७८ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना आढळलं, की हार्ट अटॅकनंतर ज्यांची नाडी फार एकसारखी चालते त्यांच्यात मृत्यू जास्त होतात. १९८७ साली अमेरिकेत ८०८ रुग्णांच्या अभ्यासात हा फरक पाचपट भरला. कारण समजण्यासारखं आहे. हृदयाला एका बाजूने अ‍ॅड्रेनॅलिनचा चाबूक असतो, दुसऱ्या बाजूने व्हेगस मज्जातंतूचा लगाम. श्वासागणिक तो सैल-घट्ट होतो म्हणून अंतरं बदलतात. हृदय थकलं की रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर चाबूक चालवतच राहतं, लगाम सुटतो आणि ठोके कवायतीसारखे पडू लागतात.

मग ही चढउतार म्हणजे दुबळ्या हृदयाची नुसती सावलीच नव्हे का? या शंकेचं सर्वांत चांगलं उत्तर १९९८ साली ब्रिटनमधून आलं. हार्ट फेल्युअरच्या ४३३ रुग्णांची २४ तासांची नोंद घेऊन ठोक्यांमधल्या अंतरांचं प्रमाणविचलन, म्हणजे चढउताराचं माप, काढलं. ते १०० मिलिसेकंदांच्या वर असलेल्यांत वर्षाचा मृत्युदर ५.५ टक्के होता, ५० ते १०० मध्ये १२.७ आणि ५० च्या खाली ५१.४ टक्के. हृदयाचा आकार, रक्तातलं सोडियम असे घटक हिशेबात धरूनही हा आकडा आपल्या बळावर उभा राहिला. तरीही तो बाह्यरुग्ण विभागातल्या केसपेपरवर पोहोचला नाही, आणि यात डॉक्टरांचा आळस नाही. हार्ट फेल्युअरच्या पुष्कळ रुग्णांना एट्रियल फिब्रिलेशन असतं. त्यात अंतरं मुळातच वेडीवाकडी, म्हणून हे माप लागू पडत नाही. शिवाय धोका कळला म्हणून उपाय सापडतोच असं नाही: व्हेगसला विजेचे सौम्य झटके देऊन लगाम पुन्हा आवळण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले, आणि त्यात मृत्यू किंवा आजार बळावण्याचं प्रमाण घटलं नाही.