सायकलीला इंजिन जोडताना : पहिली जोडणी आणि कायद्याची पंचवीस सीसीची रेषा

नागझिरा (जि. गोंदिया) : गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरील नागझिरा अभयारण्याच्या कडेची गावे साकोली, तिरोडा, गोरेगाव या बाजारगावांपासून दूर आहेत. शाळा, दवाखाना, धानाचा व्यवहार, सर्वांसाठी रस्ता तुडवावा लागतो. घरात सायकल असते, मोटारसायकलीची ऐपत प्रत्येकाची नसते. अशा वेळी 'सायकललाच इंजिन बसवले तर?' हा प्रश्न तरुणांच्या मनात येणे साहजिक आहे. इंजिनाचा तयार संच ऑनलाइन मागवता येतो आणि जोडणीची चित्रफीत मोबाइलवर पाहता येते. त्या चित्रफितीत बहुधा नसते ती माहिती येथे देत आहोत.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये जपानमधील हमामात्सु येथे सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली शिल्लक इंजिने सायकलींना जोडून विकली. प्रारंभीच्या एका सायकलीवर तर पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण गरम करण्याची पाण्याची बाटली वापरली होती! फ्रान्समध्ये त्याच वर्षी वेलोसोलेक्स विक्रीस आली. तिचे इंजिन पुढच्या चाकावर टेकून सिरॅमिक रूळाने ते फिरवत असे. इंग्लंडमध्ये १९५० मध्ये आलेल्या सायकलमास्टरचे इंजिन मागच्या चाकातच बसवलेले होते. आपल्या महाराष्ट्रात हीच वाट १९७२ मध्ये लुनापर्यंत पोहोचली. फिरोदिया उद्योगसमूहातील कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या 'चाव' मोपेडच्या धर्तीवर आणलेली ही पन्नास सीसीची गाडी पेट्रोल संपल्यावर पायंडल मारून घरी आणता येत असे. मात्र लुनाची चौकट, चाके आणि ब्रेक इंजिनाचा भार धरूनच घडवलेले होते. बाजारातील साध्या सायकलीबाबत तसे म्हणता येत नाही आणि जोडणीतील बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधील व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाके आणि पंचवीस सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. मूळ कायद्यात ही मर्यादा पस्तीस सीसी होती, नंतरच्या दुरुस्तीने ती पंचवीसवर आणली. (गमतीचा भाग असा की, सायकलमास्टरचे पहिले इंजिन २५.७ सीसीचे होते. आज ते आपल्याकडे आणले तर पाऊण सीसीसाठी मोटार वाहन ठरेल.)

ऑनलाइन मिळणारे चिनी टू-स्ट्रोक संच मात्र या रेषेच्या कितीतरी पलीकडे असतात. त्यांतील लहान इंजिनाचा सिलिंडर ४० मिलिमीटर व्यासाचा आणि दट्ट्याची धाव ३८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४८ सीसी. मोठ्या इंजिनाचा व्यास ४७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६६ सीसी. खोक्यावर मात्र '८० सीसी' छापलेले आढळते. असे इंजिन बसवताच सायकल मोटार वाहन होते. तिला नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट, सर्व काही लागते. पण नोंदणीसाठी वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता हवी आणि घरी जोडलेल्या सायकलीला ती मिळत नाही. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर ती कायदेशीरपणे धावूच शकत नाही.

पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. विमा नसलेल्या वाहनाने रस्त्यावरचा माणूस जखमी झाला, तर भरपाई घरातूनच द्यावी लागते. दोन-तीन एकरांच्या धान उत्पादकासाठी याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

पंचवीस सीसीच्या आतील पर्याय आहे. घास कापण्याच्या यंत्रांत तेवढीच लहान फोर-स्ट्रोक इंजिने असतात आणि त्यांची ताकद सुमारे एक अश्वशक्ती असते. सपाट रस्त्यावर एका माणसाला तेवढी पुरते, चढावर पायंडल मारावे लागते. मात्र इंजिनाची क्षमता लिहिलेले पक्के बिल सोबत ठेवावे. इंजिनावरची पाटी खरडून टाकलेली असेल, तर व्याख्येचा आधार सांगूनही उपयोग होत नाही.

जोडणी

शेतातील किंवा आवारातील वापरासाठी मोठा संच जोडणाऱ्यांनाही पुढील गोष्टी लागू आहेत. इंजिन चौकटीच्या त्रिकोणात, सीटच्या आणि खालच्या नळीला पट्ट्यांनी आवळून बसते. त्यामुळे दांड्याची सायकल लागते, लेडीज सायकलीत त्याला जागाच नसते. नळी जाड पडली म्हणून तिला भोक पाडून बोल्ट घालण्याचा मोह काहींना होतो. तसे मुळीच करू नये. इंजिनाच्या थरथरीने त्या भोकापासूनच नळीला तडा जातो.

खरी मेख मागच्या चाकात आहे. संचातील ४४ दात्यांचे चक्र रबरी चकत्यांच्या मध्ये आरे दाबून नऊ बोल्टांनी बसवायचे असते. हे नऊ बोल्ट छत्तीस आऱ्यांच्या चाकासाठी योजलेले आहेत. आपल्या पारंपरिक काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला मात्र चाळीस आरे असतात, त्यामुळे बोल्ट आऱ्यांच्या मध्ये नीट येत नाहीत. रेटून बसवले की काही आऱ्यांवर जादा ताण येतो आणि ते एकेक करून तुटतात. छत्तीस आऱ्यांचे जाड तारांचे चाक विणून घेणे हाच येथे बरा उपाय. सायकल मिस्त्रीकडून चाकाचा आऊट काढून घ्यावा आणि चक्र बसवल्यावर तेही डगमगत नाही ना, हे चाक फिरवून पाहावे. डगमगणाऱ्या चक्रावरून धावत्या वेगात साखळी उतरली की ती आऱ्यांत अडकते, मागचे चाक जाम होते आणि चालक खाली येतो.

वेगाचे गणित सोपे आहे. इंजिनाच्या आतील दातेरी चाके वेग सुमारे चौपट उतरवतात आणि दहा दात्यांपासून चव्वेचाळीस दात्यांपर्यंत आणखी ४.४ पट, म्हणजे एकूण सुमारे अठरा पट. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर चाक २२२ फेरे घेते. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास वेग ताशी २९ किलोमीटर होतो. माणूस पायंडल मारून ताशी पंधराच्या आसपास जातो. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते.

म्हणून इंजिनाआधी ब्रेक बदलावेत. काळ्या सायकलीचे दांडीचे ब्रेक लोखंडी रिमवर रबरी गुटके घासून चालतात आणि रिम ओली झाली की जवळपास निकामी होतात. पूर्व विदर्भाच्या पावसात तर चार महिने त्यांचा भरवसा नाही. पुढच्या चाकाला ड्रम किंवा डिस्क ब्रेक बसवल्याखेरीज इंजिन सुरूच करू नये, असे आमचे मत आहे. त्यासाठी चिमटाही बदलावा लागेल. तो खर्च झेपत नसेल, तर संचाचाही खर्च टाळावा.

इंधनाचे थोडक्यात सांगायचे तर टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. नव्या इंजिनाला प्रारंभी एका लिटरला सुमारे साठ मिलिलिटर आणि इंजिन रुळल्यावर चाळीस मिलिलिटर टू-टी तेल घालण्याची पद्धत आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल ओढते आणि स्वस्तातल्या रबरी नळ्या फुगवते, म्हणून नळी चांगल्या प्रतीची घ्यावी आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करावी. क्लच ओढून पायंडल मारायचे आणि वेग आल्यावर क्लच सोडायचा, की इंजिन पेटते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक नट पुन्हा आवळावा. थरथरीने ते सैल झालेले आढळतातच.

जंगलाच्या कडेला

नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. तेथे घरी बनवलेली मोटार-सायकल घेऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही. बाहेरच्या रस्त्यांवरही फेब्रुवारीनंतर पानगळीचा थर साचतो. गळती लागलेली टाकी, तापलेला सायलेन्सर आणि वाळलेला पाला एकत्र आले, की वणव्याला वेळ लागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातील वणवा विझवताना हंगामी वनमजुरांना प्राण गमवावे लागले होते. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी बसवावी आणि सायकल पाल्यावर उभी करू नये. संध्याकाळी गुरे आणि रानडुकरे रस्त्यावर येतात, तेव्हा ताशी तीसचा वेग अधिकच ठरतो.

आवाज आणि धूर नको असणाऱ्यांना विजेचा पर्याय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी सायकलींना मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे. मात्र या अटींची पडताळणी अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असावी लागते, त्यामुळे सुटा संच घेण्यापेक्षा मान्यतेचे प्रमाणपत्र असलेली तयार सायकल घेणे सुरक्षित. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॉट-तास वीज मावते. अधूनमधून पायंडल मारल्यास ती पंचवीस ते तीस किलोमीटर पुरते. लुनानेही हीच वाट धरली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ई-लुना या नावाने विजेवर पुन्हा बाजारात आली. तिला नोंदणी लागते, पायंडल मात्र राहिलेले नाही.