एका इंचाचा इतिहास
पोर्शे ९११ आणि तिची मोठी होत गेलेली चाके

१९७८ ते १९८३ या काळात पोर्शे ९११ एससी ही स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे कारखाना दोन मापांची चाके ठेवत असे. नेहमीच्या किमतीत पंधरा इंची ओतीव चाके मिळत. जादा पैसे मोजले, तर सोळा इंची घडीव चाके मिळत. फरक एका इंचाचा. बघणाऱ्याला तो हौसेचा, मिरवण्याचा वाटावा. आपल्याकडेही नवी गाडी आली की टायरच्या दुकानात मोठ्या अलॉय चाकांची चौकशी होते, ती बहुधा रूपासाठीच. पण ९११च्या बाबतीत हा इंच सुमारे पंधरा वर्षांच्या खटपटीतून आला होता. त्या खटपटीचे मूळ शोभेत नव्हते. गाडीच्या रचनेतच असलेल्या एका धोक्यात होते.

बंपरमधले लोखंड

१९६३च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पेजो कंपनीने हक्क सांगितला आणि ९०१ची ९११ झाली. इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले, त्यामुळे गाडीच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग मागच्या चाकांवर. इंजिन दोन लिटरचे, ताकद १३० अश्वशक्ती. आणि ही ताकद रस्त्यावर उतरवायला साडेचार इंच रुंदीच्या, पंधरा इंच व्यासाच्या पोलादी रिमवर चढवलेले १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर. आजच्या साध्या छोट्या गाडीचे टायरही एवढे रुंद असतात.

सरळ रस्त्यावर काही बिघडत नसे. प्रश्न वळणावर येई. वेगात वळताना चालक घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की वजन पुढे सरके, मागच्या टायरांची पकड सुटे आणि मागचे जड इंजिन गाडीचे शेपूट बाहेर फेकी. घाबरल्यावर पाय उचलणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया. या गाडीत नेमकी तीच घातक ठरे.

यावर कारखान्याने केलेला एक उपाय आज वाचताना नवल वाटते. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी ११ किलोचे बिडाचे ठोकळे बसवले गेले. हलकेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या कंपनीने आपल्याच गाडीच्या नाकात २२ किलो लोखंड दडवले. नाक जड झाले की शेपूट थोडे शहाणे होते, एवढाच त्यामागचा हिशेब. इंजिन पुढे आणणे हा सरळ उपाय होता. पण मग ती ९११ राहिली नसती. पुढची सगळी चाकांची गोष्ट या एका हट्टातून निघते.

घडीव चाक

१९६६मध्ये १६० अश्वशक्तीची ९११ एस आली आणि तिच्याबरोबर पाच पाकळ्यांचे एक नवे चाक आले. मायनर्त्सहागेन गावच्या ओट्टो फुक्स कारखान्याने ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून घडवले होते. ओतलेले नव्हे, घडवलेले. ओतीव कामात धातू वितळवून साच्यात सोडतात. घडीव कामात तापलेला धातू प्रचंड दाबाखाली आकाराला येतो. त्यामुळे तो दाट आणि चिवट होतो, आणि कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. पोलादी चाकापेक्षा हे प्रत्येकी सुमारे ३ किलोने हलके होते.

चाकातले ३ किलो आणि डिकीतले ३ किलो यांत फरक आहे. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. रस्त्याच्या उंचवट्यावरून चाक उडाले की जड चाकाला परत खाली यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ टायर रस्त्यावर नसतो. हलके चाक रस्ता सोडत नाही.

हे पहिले फुक्स चाकही साडेचार इंचच रुंद होते. पण आता वाट सापडली होती. १९६८च्या गाड्यांना साडेपाच इंच, १९६९च्या एसला सहा इंच रुंद रिम आणि १८५ मिमीचे टायर. त्याच वर्षी मागची चाके ५७ मिमी मागे सरकवली गेली. पुढच्या-मागच्या आसांतले अंतर २२११ मिमीवरून २२६८ मिमी झाले आणि गाडी अधिक स्थिर झाली. बंपरमधल्या लोखंडाचे काम आता रचनेने आणि रबराने उचलले.

याच सुमारास उलट्या दिशेचाही एक प्रयोग झाला. काही ९११ गाड्यांना चौदा इंची चाके आणि उंच बाजूंचे टायर घेता येत. चाक लहान, रबर जास्त, प्रवास मऊ. म्हणजे मोठे चाक हीच प्रगती, असे त्या काळी कारखान्यालाही वाटत नव्हते. आराम आणि पकड यांतले काय हवे, ते गिऱ्हाइकाने ठरवायचे होते.

चारही चाके सारखी नसतात

ऑक्टोबर १९७२मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कॅरेरा आरएस २.७ आली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या विकणे भाग होते. प्रत्यक्षात १५८० बनल्या. तिच्या मागच्या झाकणावरची बदकाच्या शेपटीसारखी पट्टी सर्वांच्या लक्षात राहिली. पण माझ्या मते तिचा मोठा वारसा त्या पट्टीच्या खाली आहे. पुढे सहा इंच रुंद रिमवर १८५चा टायर, मागे सात इंच रुंद रिमवर २१५चा. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पोर्शेला पुढे-मागे वेगळ्या मापांची चाके प्रथमच मिळाली. ती मावावीत म्हणून मागचे अंग ४२ मिमीने रुंद केले गेले.

चारही चाके सारखी असणे ही मोटारीची जुनी सोय. झिजलेले टायर पुढचे मागे करता येतात, एकच जादा चाक कुठेही बसते. आरएसने ही सोय सोडली आणि मागे जास्त वजन आहे तर मागे जास्त रबर, असा सरळ न्याय लावला. गाडीचा दोष लपवण्याऐवजी चाकांच्या मापांत उघडपणे लिहिला गेला. नंतरच्या ९११ पिढ्यांनी हाच न्याय चालवला. १९७८च्या एससीला तर आरएससारखे रुंद मागचे अंग जन्मतःच मिळाले.

रबर आटले, धातू वाढला

सोळा इंचांपर्यंतची शेवटची पायरी टायरवाल्यांमुळे चढता आली. इटलीच्या पिरेली कंपनीने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लान्चिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी७ हा टायर विकसित केला. त्याच्या पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा एक पट्टा परिघाला समांतर गुंडाळलेला असे. वेगात टायर फुगू पाहतो, तेव्हा हा पट्टा त्याला आवळून धरतो. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव लाकडाला आवळते, तसाच काहीसा प्रकार. त्यामुळे बाजूची भिंत बुटकी ठेवूनही टायर मोठ्या वेगाला टिकू लागला. १९७५च्या ९११ टर्बोला हे टायर जादा पैशांत मिळत. १९७७च्या टर्बोला सोळा इंची चाके नेहमीचीच झाली, आणि पुढच्या वर्षीपासून एससीच्या गिऱ्हाइकालाही ती निवडता येऊ लागली.

आता टायरवरचे आकडे वाचू. एससीच्या मागच्या पंधरा इंची चाकावर २१५/६० मापाचा टायर असे. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, अर्थात १२९ मिमी. सोळा इंची चाकावर २२५/५० : भिंत ११२.५ मिमी. रिमचा व्यास आणि दोन्हीकडच्या भिंती मिळवल्या, तर पहिल्याचा एकूण व्यास ६३९ मिमी भरतो आणि दुसऱ्याचा सुमारे ६३१. पुढे १८५/७०च्या जागी २०५/५५ येतो. तिथेही ६४०चे ६३२ होतात. म्हणजे जे चाक आपण मोठे म्हणतो, ते टायरसकट आठ मिलिमीटरने लहानच झाले होते! मोठी झाली ती रिम. रबराची जागा धातूने घेतली. चाक लहान झाल्यामुळे तेच अंतर कापायला त्याला थोडे जास्त फेरे लागतात आणि वेगदर्शक काटा सव्वा टक्का जास्त दाखवतो, इतकेच.

या बदलाने काय साधले? वळताना उंच भिंतीचा टायर आधी बाजूला वाकतो, मग गाडी वळते. भिंत बुटकी असली की हा मधला उशीर घटतो. स्टिअरिंग फिरवले की गाडी लगेच ऐकते. टायर रुंद केला की रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, कारण ते मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. पण त्या क्षेत्राचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. आणि वळणावर तोच उपयोगी पडतो. मोठ्या रिममुळे ब्रेकलाही जागा मिळते. १९७८च्या ३.३ लिटर टर्बोला ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले मोठे ब्रेक दिले गेले, ते अशाच चाकात सामावले.

किंमतही होती. मऊ भिंत खड्ड्याचा धक्का गिळते. बुटकी भिंत तो रिमकडे आणि मणक्याकडे पाठवते. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. त्या काळच्या ९११ला पॉवर स्टिअरिंग नव्हते, म्हणून गाडी लावताना हात भरून येत. मात्र ही किंमत कारखान्याने मोजूनमापून लावली होती. रिम आत-बाहेर किती सरकावी, ती मडगार्डला घासते का, बेअरिंगवर किती ताण येतो, हे सारे ताडून मगच ते चाक यादीत आले. बाहेरून मिळणारे कोणतेही मोठे चाक आणि कारखान्याचे मोठे चाक यांतला खरा फरक चकाकीचा नाही, या हिशेबाचा आहे.

पुढे

१९७७मध्ये पोर्शेने पुढे इंजिन असलेली ९२८ बाजारात आणली, तीही सोळा इंची चाकांवर. ९११ हळूहळू निवृत्त होईल, असा तेव्हा रागरंग होता. १९८१मध्ये कंपनीचे नवे प्रमुख पीटर शुट्झ यांनी ती चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. चाकांनी तिला वाचवले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मागे इंजिन असलेली गाडी वाढत्या ताकदीसकट सामान्य चालकाच्या हाती देता येते, हे दाखवण्यात त्या रुंद चाकांचा वाटा मोठा होता.

त्यानंतर इंच थांबले नाहीत. १९८९च्या पिढीत सोळा हे किमान माप झाले. १९९७मध्ये सतरा, २००४मध्ये अठरा, २०११मध्ये एकोणीस. २०१८च्या कॅरेरा एसला पुढे वीस, मागे एकवीस. तिच्या मागच्या टायरची भिंत जेमतेम ९२ मिमी. पहिल्या ९११ची सुमारे १३० होती. आजच्या गाडीत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. घाबरून पाय उचलणाऱ्याला ती सांभाळून घेते. म्हणून आज यादीतले मोठे चाक निवडणारा मुख्यतः रूप निवडतो, आणि त्याचे काही बिघडत नाही.

जुन्या एससीच्या मालकाचा पेच मात्र खरा आहे. पंधरा इंची चाके ठेवली तर गाडी जन्माला आली तशी राहते आणि प्रवासही मऊ होतो. फुक्सची सोळा इंची चढवली तर ती अधिक नेमकी चालते. आणि हीसुद्धा त्याच वर्षीच्या यादीतली असल्याने इतिहासाशी बेइमानी होत नाही. पिरेलीने तर सीएन३६ आणि पी७ हे दोन्ही जुने टायर जुन्याच नक्षीत पुन्हा काढले आहेत. ज्याने त्याने आपला रस्ता पाहून निवडावे. फक्त निवडताना एवढे ध्यानात असावे, की हा एक इंच मिरवण्यासाठी जन्मला नव्हता. बंपरमध्ये दडवलेल्या २२ किलो लोखंडाला शोधलेले ते अधिक प्रामाणिक उत्तर होते.