सोळा की अठरा?

समता, समानता, बरोबरी... 'पॅरिटी'ला मराठीत किती शांत शब्द आहेत! पण १९२० च्या दशकात आपल्याकडे याच बरोबरीवरून जोरदार भांडण झालं. प्रश्न एवढाच, की एक रुपया बरोबर किती पेन्स? १६ की १८?

पौंडाचे तेव्हा २४० पेन्स. १६ च्या दराने पौंडाचे १५ रुपये. १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे पौंडभर किमतीचा कापूस परदेशी विकला की हातात दीड रुपयाहून जास्त कमी. शेतसारा मात्र तेवढाच!

हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १८ सुचवले. आयोगातच पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी १६ साठी भिन्नमत नोंदवलं. १९२७ चा कायदा १८ चाच झाला. आयोगापुढे साक्ष देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी दुसरी बाजू दाखवली होती : रुपया स्वस्त केला की भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणजे निर्यातदाराचा नफा कामगाराच्या ताटातून.

तो दर १९६६ पर्यंत टिकला. असो. कायदा बरोबरीचं चिन्ह पक्कं करतो, पण ते कुठे काढायचं हे धोरण ठरवतं. म्हणून कुणी 'समान' म्हटलं, की मी आधी विचारते, कोणाच्या हिशेबाने?