श्वास रोखून मारलेला मासा : शिकारीच्या नीतीचा दख्खनी मागोवा

१/१३
पाठीवर हवेची टाकी बांधलेल्या पाणबुड्याने हाती भाला घेऊन मासा मारावा का? हौशी पाणबुड्यांच्या जगात गेली कित्येक दशके हा वाद धुमसतो आहे. नाशिकपासून समुद्र दूर, तेव्हा आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ‘मौजेसाठी जीव घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणत्या साधनाने’ हा प्रश्न आपल्या भूमीला नवा नाही. त्याचाच हा धागा.

२/१३
आरंभ त्र्यंबकच्या डोंगरांतून करू. येथून गोदावरी पूर्वेस जाते, तर वैतरणा पश्चिमेस. वैतरणेच्या मुखाच्या दक्षिणेला प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात, ‘गोवर्धन’ (नाशिक परिसर) आणि ‘शोर्पारग’ ही दोन्ही नावे एकाच दानाच्या उल्लेखात येतात. घाटमाथा आणि बंदर यांचे नाते इतके जुने आहे.

३/१३
याच सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तीत मृगया आणि तशाच इतर करमणुकी असत, अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस गेला आणि विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा आली. येथे राजाने सोडली ती शिकारीची मौज, हे ध्यानात ठेवावे.

४/१३
माशांविषयी अशोक अधिक नेमके बोलतो, ते पाचव्या स्तंभलेखात (अभिषेकाचे २६वे वर्ष). काही जलचर पूर्णतः अवध्य ठरवले. इतर माशांना चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांवर अभय दिले. त्या दिवशी मासे विकण्यासही मनाई होती. लेखात ‘केवटभोग’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ कोळ्यांची राखीव जलक्षेत्रे असा लावला जातो. सरसकट बंदी मात्र नाही. दिवस राखले, जागा राखल्या, आणि कोळ्याचा व्यवसाय चालू राहिला.

५/१३
अर्थात, कोरलेला आदर्श आणि प्रत्यक्ष आचरण यांत अंतर असते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे वर्णन, अपराधी शत्रूच्याही प्राणहिंसेत ज्याला रुची नाही असा राजा, असे केले आहे. तीच प्रशस्ती त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचेही अभिमानाने सांगते. तेव्हा लेखांवरून त्या काळचे मूल्य कळते. ते कितपत पाळले गेले, हे त्यांवरून ठरवता येत नाही.

६/१३
आता बाराव्या शतकात येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (११२९च्या सुमारास) मराठी अभ्यासकांना परिचित आहे तो त्यातील मराठी गीतखंडामुळे. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हेही एक प्रकरण आहे. समुद्रातील व नदीतील मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, कोणाला कोणते आमिष, गळाची दोरी कशाची वळावी : सारे तपशिलाने सांगितले आहे. विषयाचे नावच ‘विनोद’. राजाला भूक भागवायची नाही, खेळायचे आहे, हे ग्रंथ मुळीच लपवत नाही.

७/१३
म्हणजे दख्खनच्या परंपरेत दोन उत्तरे शेजारी नांदतात. सोपाऱ्याचा लेख मौजेच्या हिंसेपासून दूर जाण्यास सांगतो. कल्याणीचा ग्रंथ मौज ठेवतो. पण तिला ज्ञान लागते, संयम लागतो. गळ टाकणाऱ्याला माशाची भूक, सवय आणि ताकद ओळखावी लागते. त्यात मासा निसटू शकतो, आणि खेळ त्या शक्यतेवरच उभा असतो.

८/१३
ही शक्यता पाण्याखाली कमी झाली ती १९४३ नंतर. त्या वर्षी फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. तोवर भाला घेऊन उतरणारा एका श्वासाचा धनी होता. दम संपला की वर येणे भाग. खोल पाणी, कपारी आणि वेळ हे माशाचे तीन आश्रय होते. टाकीने तिन्ही हिरावले. कपारीतील वयस्क, संथ, जागा न सोडणारा मासा आता सहज हाती लागू लागला. आणि प्रजननाचा मोठा भार अशाच मोठ्या माशांवर असतो.

९/१३
त्या काळाची वृत्ती पाहायची असेल तर कुस्तोचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ (१९५६) पाहावा. कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवला जातो आणि शार्कना निर्दयपणे मारले जाते. आपल्याकडे मात्र १८९७च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंगाने मासे मारणे केव्हाच गुन्हा ठरवले होते. पुढे कुस्तो समुद्ररक्षणाचा जागतिक प्रवक्ता झाला. ऑस्ट्रेलियाचा रॉन टेलर १९६५ चा भालामासेमारीतील जगज्जेता. त्यानेही भाला सोडून कॅमेरा हाती घेतला.

१०/१३
आज फ्रान्स, इटली यांसारख्या देशांत टाकी लावून भाल्याने मासे मारण्यास बंदी आहे. जागतिक स्पर्धाही एका श्वासावरच होतात. याला अपवादही आहे. अटलांटिकमध्ये उपरा ठरलेला लायनफिश तेथील माशांचा फडशा पाडतो, म्हणून टाकीधारी पाणबुड्यांना त्याला मारण्याचे प्रोत्साहन दिले जाते. तोच मासा हिंदी महासागरात मूळचा रहिवासी. तेव्हा केवळ साधन पाहून निवाडा करता येत नाही. कोणता मासा, कोणते पाणी आणि कशासाठी, हेही विचारावे लागते.

११/१३
आणखी एक प्रश्न राहतो : बंदीचा भार कोण वाहतो? १८९७च्या त्याच कायद्याने पाण्यात विष कालवणेही गुन्हा ठरवले. डायनामाइट लावणारा आणि रानफळांच्या लगद्याने डोहातील मासे गुंगवणारा सह्याद्रीतील आदिवासी, दोघेही एकाच कायद्याच्या कक्षेत आले. अशोकाच्या लेखातील विहार आणि उपजीविका यांमधील भेद येथे पुसला गेला.

१२/१३
मालवणात तोच पेच निराळ्या रूपात दिसतो. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटर परिसर सागरी अभयारण्य झाला. स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला. पर्यटक पाण्याखाली मौज करणार आणि रापण ओढणाऱ्याने जाळे आवरायचे, हा न्याय त्यांना पटेना. दुसरीकडे पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांविरुद्ध आवाज उठवणारेही हेच पारंपरिक मच्छीमार. रात्री प्रखर दिव्याने मासा खेचून घेणे म्हणजे त्याचा काळोखाचा आश्रय काढून घेणे. केंद्राने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. टाकी आणि भाल्यावरचा आक्षेप याहून फार वेगळा नाही.

१३/१३
माझे मत असे : पोटासाठीच्या जाळ्याआधी मौजेच्या भाल्याने माघार घ्यावी, आणि उपजीविकेनेही माशाला काही दिवस व काही जागा सोडाव्यात. हे परके तत्त्व नाही. पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठच्या तिळसे येथे तिळसेश्वराच्या देवळापाशी नदीतील मासे देवाचे मानले जातात. त्यांना कोणी मारत नाही. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेले तेच पाणी पुढे सोपाऱ्याच्या उत्तरेस समुद्राला मिळते. आपल्या गावच्या नदीवर असा राखलेला डोह असेल, तर त्याचे नाव आणि त्यामागची कथा जरूर कळवा. अशा जागांची नोंद शिलालेखांत नसते. ती आपणच करायला हवी.

धागा समाप्त.