मायकेल व्हिक श्वानझुंज प्रकरण व लोकमत

मायकेल व्हिक श्वानझुंज प्रकरण हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात इ.स. २००७ मध्ये उघडकीस आलेले फौजदारी प्रकरण होय. अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू मायकेल व्हिक याने स्वतःच्या मालकीच्या जागेत चालणाऱ्या कुत्र्यांच्या झुंजींच्या व्यवसायास पैसा पुरविल्याचे व त्यात भाग घेतल्याचे न्यायालयात कबूल केले. या गुन्ह्यासाठी त्याला २३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. ही शिक्षा पुरेशी होती का, ती भोगून झाल्यावर त्याला पुन्हा खेळू द्यावे का आणि प्रसिद्ध व्यक्तीला न्याय देताना वेगळे माप वापरले जाते का, या प्रश्नांवर अमेरिकेतील लोकमत तीव्रपणे विभागले गेले. प्राण्यांवरील क्रौर्य, वंशभेद आणि गुन्हेगाराचे पुनर्वसन या तीन विषयांच्या अभ्यासात या प्रकरणाचा उल्लेख वारंवार केला जातो.

पार्श्वभूमी

व्हिकचा जन्म २६ जून १९८० रोजी व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे झाला. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या संघातून खेळताना तो प्रसिद्धीस आला. २००१ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) वार्षिक खेळाडू-निवडीत अटलांटा फाल्कन्स संघाने त्याला सर्वांत प्रथम निवडले. संघाच्या चढाईचे सूत्रसंचालन करणाऱ्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. या जागेसाठी पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला व्हिक हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. २००४ च्या अखेरीस फाल्कन्सने त्याच्याशी दहा वर्षांचा सुमारे १३ कोटी डॉलरचा करार केला. २००६ च्या हंगामात चेंडू घेऊन धावत एक हजार यार्डांहून अधिक अंतर कापणारा तो पहिला क्वार्टरबॅक बनला. त्याचे नाव असलेले सदरे देशभर विकले जात आणि अनेक मोठ्या कंपन्या जाहिरातींसाठी त्याला करारबद्ध करीत.

श्वानझुंजीत प्रामुख्याने पिट बुल प्रकारची कुत्री वापरली जातात. बंदिस्त आखाड्यात दोन कुत्र्यांना परस्परांवर सोडले जाते आणि एकाने माघार घेईपर्यंत किंवा तो निकामी होईपर्यंत झुंज चालते. कधी कधी ती तासाहून अधिक काळ टिकते. निकालावर मोठ्या रकमांची पैज लावली जाते. हरलेली अथवा झुंजण्याची वृत्ती न दाखविणारी कुत्री अनेकदा मारून टाकली जातात.

कायद्याची स्थिती

अमेरिकेत संघराज्याच्या प्राणिकल्याण कायद्यात १९७६ मध्ये दुरुस्ती करून आंतरराज्य व्यवहाराशी संबंधित प्राणिझुंजींवर बंदी घालण्यात आली. परंतु तो दीर्घकाळ सौम्य शिक्षेचा किरकोळ गुन्हा मानला जात होता. ३ मे २००७ रोजी अमलात आलेल्या नव्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गंभीर गुन्हा ठरला. व्हिकच्या घराची झडती त्यापूर्वी काही दिवस झाली होती. त्याचे कृत्य जुन्या काळातील असल्याने हा नवा कायदा त्याला लागू झाला नाही. त्याच्यावर मुख्यतः कट रचल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यासाठी कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद होती.

तपास आणि खटला

एप्रिल २००७ मध्ये अमली पदार्थांविषयीच्या एका वेगळ्या तपासात पोलिसांनी व्हर्जिनियातील सरी परगण्यातील व्हिकच्या मालकीच्या जागेची झडती घेतली. सुमारे १५ एकरांच्या या जागेत साठहून अधिक कुत्री आढळली. त्यांतील बहुसंख्य पिट बुल होती आणि काहींच्या अंगावर जखमांचे व्रण होते. झुंजीच्या प्रशिक्षणाची साधनेही तेथे सापडली. 'बॅड न्यूज केनेल्स' या नावाने हा व्यवसाय २००१ पासून चालत होता. प्रारंभी आपण त्या घरी क्वचितच जातो, असे सांगून व्हिकने सहभाग नाकारला.

१७ जुलै २००७ रोजी संघराज्याच्या न्यायालयात व्हिक व त्याच्या तीन साथीदारांवर आरोपपत्र दाखल झाले. तिघाही साथीदारांनी एकेक करून गुन्हा कबूल केला व व्हिकविरुद्ध साक्ष देण्याची तयारी दाखविली. त्यानंतर २७ ऑगस्ट रोजी व्हिकनेही रिचमंड येथील न्यायालयात गुन्हा कबूल केला. चाचणीत कमी पडलेल्या सहा ते आठ कुत्र्यांना एप्रिल २००७ मध्ये फाशी देऊन किंवा पाण्यात बुडवून ठार मारण्यात आले व ते सामूहिक कृत्य होते, हे त्याने मान्य केले. एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी त्याला अनिश्चित काळासाठी निलंबित केले.

कबुलीच्या करारानुसार सरकार पक्षाने तुलनेने कमी मुदतीच्या शिक्षेची शिफारस केली होती. मात्र ती न्यायाधीशावर बंधनकारक नव्हती. जामिनावर असताना व्हिकच्या चाचणीत गांजाचा अंश आढळला होता. शिवाय कुत्र्यांच्या हत्येतील स्वतःच्या सहभागाविषयी त्याने तपास अधिकाऱ्यांना पूर्ण सत्य सांगितले नव्हते. या गोष्टी विचारात घेऊन न्यायाधीश हेन्री हडसन यांनी १० डिसेंबर २००७ रोजी त्याला २३ महिन्यांची शिक्षा सुनावली. साथीदारांपैकी कोणालाही इतकी मोठी शिक्षा झाली नाही. कुत्र्यांच्या देखभालीसाठी व्हिकला ९ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. जुलै २००८ मध्ये त्याने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. नोव्हेंबर २००८ मध्ये राज्य न्यायालयातही त्याने गुन्हा कबूल केला. तेथे त्याला तीन वर्षांची स्थगित शिक्षा व अडीच हजार डॉलर दंड झाला.

कुत्र्यांचे भवितव्य

पूर्वी अशा प्रकरणांत जप्त केलेली कुत्री पुराव्याचे काम संपताच सर्रास मारली जात. या वेळीही काही प्रमुख प्राणिसंघटनांनी प्रथम तसेच मत दिले होते. न्यायालयाने मात्र प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करविली व त्यांच्या पुनर्वसनावर देखरेख ठेवण्यासाठी विधिशास्त्राच्या प्राध्यापिका रेबेका हस यांची नियुक्ती केली. आक्रमकतेमुळे केवळ एकाच कुत्र्यास मारावे लागले. बावीस कुत्री यूटा राज्यातील 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेच्या आश्रयस्थानी गेली. अन्य कुत्री निरनिराळ्या बचाव संस्थांकडे सोपविण्यात आली आणि त्यांतील अनेकांना पुढे घरे मिळाली. झुंजीतील प्रत्येक कुत्रा घातक असतोच, या समजुतीला या अनुभवाने धक्का बसला. लोकांच्या लेखी ही कुत्री केवळ जप्त माल न राहता गुन्ह्याचे बळी ठरली.

लोकमत

कठोर शिक्षेची मागणी

आरोपपत्रातील तपशील प्रसिद्ध होताच देशभर संतापाची लाट उसळली. 'पेटा' या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी निदर्शने केली. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी जुलै २००७ मध्ये सिनेटमध्ये भाषण करून या क्रौर्याचा तीव्र निषेध केला. नायके कंपनीने करार रद्द केला आणि अनेक विक्रेत्यांनी व्हिकच्या नावाचे सदरे विकणे थांबविले. या पक्षाचा मुख्य मुद्दा असा की, हे क्षणिक रागातून घडलेले कृत्य नव्हते. ते वर्षानुवर्षे नियोजनपूर्वक चालविलेले क्रौर्य होते. लक्षावधी मुले ज्याला आदर्श मानतात, त्याच्यावर अधिक जबाबदारी येते, असेही प्रतिपादन करण्यात आले. डिसेंबर २०१० मध्ये दूरचित्रवाणी भाष्यकार टकर कार्लसन यांनी व्हिकला देहदंड द्यावयास हवा होता, असे विधान केले. पुढे ते अतिशयोक्त असल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केले.

शिक्षा अतिरेकी असल्याचे मत

काहींना ही प्रतिक्रिया प्रमाणाबाहेर वाटली. फुटबॉलपटू क्लिंटन पोर्टिस याने कुत्री ही ज्याची त्याची मालमत्ता आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. टीकेनंतर त्याला माघार घ्यावी लागली. बास्केटबॉलपटू स्टेफन मार्बरी याने हरणांच्या शिकारीचे उदाहरण देऊन समाजाच्या दुटप्पीपणाकडे बोट दाखविले. अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी दक्षिणेकडील काही भागांतील सांस्कृतिक वातावरणाचा उल्लेख केला. विधिशास्त्राचे अभ्यासक गॅरी फ्रान्सिओन यांची भूमिका याहून निराळी होती. त्यांनी व्हिकचे समर्थन केले नाही. मात्र केवळ चवीसाठी प्राणी मारून खाणाऱ्या समाजाला व्हिकचा तिरस्कार करण्याचा नैतिक अधिकार कितपत आहे, असा प्रश्न उपस्थित केला.

मानवी जीव गमावलेल्या गुन्ह्यांशीही तुलना झाली. २००९ मध्ये फुटबॉलपटू डॉन्टे स्टॉलवर्थ याच्या मोटारीच्या धडकेने एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. मद्याच्या अमलाखाली वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याने कबूल केला व त्याला ३० दिवसांची कैद झाली. कुत्र्यांसाठी २३ महिने व माणसासाठी एक महिना, असा विरोधाभास अनेकांनी दाखविला. यावर प्रतिवाद असा की, एका कृत्यात निष्काळजीपणा होता तर दुसऱ्यात हेतू, आणि एका निकालातील सौम्यता हे दुसरा निकाल सौम्य करण्याचे कारण होऊ शकत नाही.

वंशाचा प्रश्न

कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय नागरिकांच्या मतांतील अंतर हा या प्रकरणाचा सर्वाधिक अभ्यासलेला भाग आहे. ॲलेक्स पिकेरो व सहकाऱ्यांचा याविषयीचा सर्वेक्षणाधारित शोधनिबंध २०११ मध्ये 'सोशल सायन्स क्वार्टरली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात श्वेतेतर नागरिकांचा कल शिक्षा फार कठोर असल्याचे मानण्याकडे व व्हिकला खेळात परत घ्यावे याकडे आढळला. श्वेतवर्णीयांचा कल याच्या उलट होता. या अंतराचा अर्थ एका समूहाला क्रौर्य मान्य होते, असा होत नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेने कृष्णवर्णीयांना दिलेल्या विषम वागणुकीचा दीर्घ अनुभव या अविश्वासामागे असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

पुनरागमन आणि दुसरी संधी

मे २००९ मध्ये व्हिक तुरुंगातून बाहेर आला व दोन महिने घरीच स्थानबद्ध राहिला. जुलैअखेर एनएफएलने त्याला सशर्त प्रवेश दिला आणि १३ ऑगस्ट २००९ रोजी फिलाडेल्फिया ईगल्स संघाने त्याच्याशी करार केला. स्टेडियमबाहेर निदर्शने झाली. २०१० च्या हंगामात त्याने उत्तम खेळ करून सर्वोत्कृष्ट पुनरागमनाचा पुरस्कार मिळविला. डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी ईगल्सचे मालक जेफ्री लुरी यांच्याशी बोलताना, शिक्षा भोगलेल्या व्यक्तीस संधी दिल्याबद्दल त्यांची प्रशंसा केली. टीकाकारांच्या मते मात्र मैदानावरील यशाला पश्चात्तापाचा पुरावा मानणे चुकीचे होते. कोट्यवधींच्या करारासह मिळणारी अशी संधी तुरुंगातून सुटलेल्या सामान्य माणसाला लाभत नाही, हेही त्यांनी निदर्शनास आणले.

व्हिकने 'ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स' या संघटनेबरोबर शाळा व वस्त्यांमध्ये श्वानझुंजीविरुद्ध व्याख्याने दिली. जुलै २०११ मध्ये प्राणिझुंजींच्या प्रेक्षकांनाही दंडनीय ठरविणाऱ्या विधेयकास त्याने वॉशिंग्टन येथे जाहीर पाठिंबा दिला. २०१२ मध्ये त्याच्या कुटुंबाने कुत्रा पाळल्याचे समजताच वाद पुन्हा उफाळला. २०१७ मध्ये तो खेळातून निवृत्त झाला. २०१९ मध्ये एनएफएलच्या 'प्रो बोल' सामन्यासाठी मानद कर्णधार म्हणून त्याचे नाव जाहीर झाल्यावर विरोधातील याचनापत्रांवर लाखो लोकांनी सह्या केल्या. तथापि लीगने निर्णय बदलला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक स्टेट विद्यापीठाने त्याची फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती केली.

परिणाम

२००७ मध्ये आयडाहो व वायोमिंग वगळता सर्व राज्यांत श्वानझुंज हा गंभीर गुन्हा होता. २००८ मध्ये त्या दोन राज्यांनीही कायदा बदलला. त्याच वर्षी संघराज्याच्या कायद्यातील कमाल शिक्षा पाच वर्षे करण्यात आली. २०१४ च्या कृषी कायद्याद्वारे झुंजीस प्रेक्षक म्हणून हजर राहणे व लहान मुलांना तेथे नेणे हेही गुन्हे ठरले.

श्वानझुंजीसाठी शिक्षा व्हावी, यावर अमेरिकी समाजात आता फारसे दुमत नाही. न्यायालयाने दिलेली शिक्षा संपल्यानंतर समाजाने दिलेली शिक्षा केव्हा संपावी, हा या प्रकरणाने पुढे आणलेला प्रश्न मात्र अद्याप वादाचा विषय आहे.