चित्र न येणाऱ्यांची चित्रं

चार ओळी लिहायला सांगा, आपण चार पानं लिहू. पण 'सोबत एखादं चित्र जोड की' म्हटलं की हात थिजतो. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला कावळा काढला आणि बाईंना तो जोडा वाटला, ही आपल्यापैकी कितीतरी जणांची कहाणी असेल. :-)

गंमत म्हणजे छपाईची एक मोठी पद्धत अशाच माणसामुळे जन्माला आली. म्युनिकचा अलोइस सेनेफेल्डर नाटकं लिहायचा. ती छापून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच छापण्याच्या खटपटी करायचा. १७९६ मध्ये घाईघाईत त्याने धोब्याच्या कपड्यांची यादी चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहिली, आणि त्यातून पुढे १७९८ च्या सुमारास शिळाप्रेस सिद्ध झाला. तत्त्व अगदी साधं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. तेलकट शाईने लिहिलेला दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी राहतं, आणि वर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त लिहिलेल्या जागी धरते. खास कागदावर सुलट लिहून तो दगडावर दाबला की अक्षर उलटं उमटतं आणि छापताना पुन्हा सुलट होतं. कोरीव काम येण्याची गरजच नाही. आपलं हस्ताक्षर हेच चित्र!

हे तंत्र मुंबईत एका मराठी माणसाने कसं आपलंसं केलं, ते वाचण्यासारखं आहे. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून आपले ग्रंथही असे छापावेत असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी लाकडी यंत्र स्वतः बनवलं, दगडाचे लहान तुकडे घेऊन त्यांवर छापून पाहिलं, शाई नाना प्रयोग करून घरीच तयार केली. १८३१ मध्ये त्यांचं छापील मराठी पंचांग निघालं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायलाही कचरणारे लोक तेव्हा होते. त्यांच्यासाठी तुपाची शाई वापरून पोथ्या छापल्याचं सांगतात. म्हणजे नुसतं यंत्र जमवून भागलं नाही, आपल्या वाचकाला चालेल अशी शाईसुद्धा शोधावी लागली.

दुसरं उदाहरण फाळक्यांचं. ते जे. जे.त शिकलेले, त्यांना चित्रकला येत होतीच. पण १९१२ मध्ये त्यांनी रोपाच्या वाढीची जी छोटी फिल्म केली, तिला रेषा लागली नाही, लागला तो धीर. कुंडीतलं रोप, कॅमेरा, आणि रोज थोडं थोडं चित्रण. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ ला, 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला.

आणि तिसरं तर दारातच असतं. ठिपक्यांची रांगोळी! मोकळ्या हाताने मोर काढणं सगळ्यांना जमत नाही, पण 'अकरा ते एक' ठिपके घातले की रेघा कुठून कुठे न्यायच्या ते ठिपकेच सांगतात. फणसवाडीत बालाजीचं देऊळ आहे. त्या देवाच्या मुलखातला कोलमसुद्धा ठिपक्यांवरच उभा राहतो. ज्यांना 'चित्रकला येत नाही' अशा किती बायकांनी आयुष्यभर रोज एक नवं चित्र काढलं, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. सकाळी काढायचं, संध्याकाळपर्यंत पुसून जायचं.

म्हणून नेटवरून उचललेला तोच तो सूर्यास्त लेखाला जोडलेला पाहिला की चुटपुट लागते. आपल्याकडे काय नाही? आजीच्या अक्षरातली लोणच्याच्या मसाल्याची यादी आहे, जुनं रेशनकार्ड आहे, चाळीच्या जिन्याचा झिजलेला लाकडी कठडा आहे. यादी खिडकीजवळ उजेडात ठेवावी, मोबाइल सरळ वरून धरावा, सावली पडू देऊ नये. झालं. रेघ मारायची असेल तर चौकटीच्या वहीवर मारावी, ठिपके आयतेच मिळतात.

हे लवकर करायला हवं मात्र. गिरगावातल्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. त्या पडल्या की उंबरे जातात, कठडे जातात, आणि सामान हलवताना जुन्या वह्या रद्दीत जातात. नेटवर सूर्यास्त हजार मिळतील. आजीची यादी एकच आहे, आणि तिच्या कडा आत्ताच फाटू लागल्या असतील.